जलप्रलयानंतरचे जग उभारताना : अझगारच्या ‘फँटसी मॅप जनरेटर’चे परीक्षण

कल्पित विश्वांच्या कथांमध्ये जलप्रलय फार वेळा येतो आणि बहुतेक वेळा तो प्रस्तावनेतच आटोपतो. फार पूर्वी समुद्र चढला, जुने साम्राज्य बुडाले, मूठभर माणसे वाचली, एवढे सांगून लेखक पुढच्या राजवाड्याकडे वळतो. त्यानंतर त्या भूमीवरची शेती, रस्ते, सीमा आणि देव पाहिले, तर तिथे पाणी कधी आले होते याची एकही खूण सापडत नाही. ही उणीव शैलीची नसते, पूर्वतयारीची असते. पाणी कुठून आले, कुठवर चढले आणि ओसरल्यावर काय उरले हे लेखकाने स्वतःच कधी पाहिलेले नसते. अझगार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकासकाचे ‘फँटसी मॅप जनरेटर’ हे साधन नेमके ते पाहण्याची सोय करून देते. जलप्रलयावर उभ्या असलेल्या कल्पित जगाची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावे असे माझे मत आहे. मात्र त्यात ‘पूर’ या नावाने जी सोय दिली आहे, तिच्यासाठी ते वापरू नये. त्याची खरी ताकद दुसरीकडे आहे, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग तिच्याबद्दलच आहे.

साधनाची ओळख थोडक्यात करून देतो. ते ब्राउझरमध्ये चालते, विनामूल्य आहे आणि त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे. पान उघडताच एक नवे जग समोर येते, ज्यात किनारे, डोंगर, नद्या, राज्ये, शहरे, रस्ते, संस्कृती आणि धर्म असे सारे काही आधीच मांडलेले असते. पडद्यावरचा संपूर्ण नकाशा बहुभुजाकृती कप्प्यांत विभागलेला असतो. या कप्प्यांची संख्या मूळ मांडणीत सुमारे १०,००० असते आणि ती १,००,००० पर्यंत वाढवता येते. प्रत्येक कप्प्याला ० ते १०० यांमधली एक उंची दिलेली असते. २० किंवा त्याहून अधिक उंचीचा कप्पा म्हणजे जमीन आणि त्याखालचा म्हणजे पाणी. वाऱ्यांची दिशा आणि पाऊस यांचा हिशेब करून नद्या उगम पावतात, तापमान आणि ओलावा यांवरून वाळवंट, गवताळ प्रदेश, पाणथळ जमीन, हिमनद्या अशा १३ प्रकारच्या जैवप्रदेशांपैकी एक प्रत्येक कप्प्याला मिळतो, आणि या सर्वांचा विचार करून लोकवस्ती ठरते. म्हणजे या साधनात माणूस सगळ्यात शेवटी येतो. जमीन आधी, मग पाणी, मग झाडोरा, मग माणसे, मग त्यांची राज्ये आणि श्रद्धा. पर्यावरणीय आपत्तीवर लिहिणाऱ्यासाठी हा क्रमच मोलाचा आहे, कारण तळाचा एक आकडा हलवला की वरचे सारे मजले हलतात.

आता त्या ‘पूर’ नावाच्या सोयीविषयी. या साधनात झोन नावाचा एक थर आहे. त्यात आक्रमण, बंड, रोगराई, ज्वालामुखीचा उद्रेक, भूस्तरभंग, पूर आणि त्सुनामी अशा घटना नकाशावर रेघांनी भरलेल्या पट्ट्यांच्या रूपाने उमटतात. पुराचा पट्टा निवडताना साधन मोठ्या प्रवाहाच्या नदीकाठी, सखल भागात वसलेले एखादे शहर शोधते आणि तिथून त्याच नदीच्या आजूबाजूच्या कप्प्यांत पट्टा पसरवते. हा तर्क भौगोलिकदृष्ट्या योग्य आहे. झोनच्या संपादकात त्या पट्ट्याचे क्षेत्रफळ आणि त्यातली लोकसंख्याही वाचता येते, त्यामुळे किती माणसे पुराच्या तोंडी आहेत याचा अंदाज लेखकाला येतो. परंतु हा पट्टा केवळ नकाशावरची नोंद असते. त्यामुळे नदीचे पात्र बदलत नाही, लोकसंख्या घटत नाही, राज्याची सीमा मागे हटत नाही. चालू कथेत एखाद्या प्रांतात यंदा पूर आला आहे एवढेच दाखवायचे असेल, तर हा पट्टा पुरेसा आहे. पुराणकथेतला प्रलय मात्र अशा पट्ट्यात मावत नाही. ज्या प्रलयामुळे सगळे जग आजच्यासारखे झाले, तो या जगावर शेवटी चढवलेला एक थर असून कसे चालेल?

त्यासाठी हाइटमॅप, म्हणजे उंचीचा मूळ नकाशा, उघडावा लागतो. संपादनाच्या तीन पद्धती तिथे दिलेल्या आहेत. पहिल्या पद्धतीत उंची सोडून बाकीचे सारे पुसले जाते आणि काम संपल्यावर नद्यांपासून राज्यांपर्यंत सगळे नव्याने घडते. दुसऱ्या पद्धतीत माहिती जशीच्या तशी राहते, पण किनारपट्टीला हात लावता येत नाही. तिसरीत किनारपट्टीही बदलता येते आणि जुनी माहिती शक्य तितकी परत बसवली जाते. मात्र या पद्धतीत अनपेक्षित दोष उद्भवू शकतात, असा इशारा साधन स्वतःच प्रामाणिकपणे देते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की प्रलयासाठी तिसरी पद्धत योग्य, कारण तिच्यात जुने जगही राहते आणि पाणीही चढते. माझा कल मात्र स्पष्टपणे पहिल्या पद्धतीकडे आहे, आणि त्यामागे तांत्रिक सोयीपेक्षा वेगळे कारण आहे.

एक उदाहरण घेऊन ते सांगतो. समजा, दोन मोठ्या भूखंडांना जोडणारी एक सखल संयोगभूमी आहे, तिच्यावरून एक रुंद नदी वाहते आणि नकाशावरची सर्वांत दाट वस्ती तिच्याच काठी आहे. हा प्रलयापूर्वीचा नकाशा स्वतंत्र फाइल म्हणून जपून ठेवावा. त्यातली शहरे, रस्ते, घाट आणि राज्यांच्या राजधान्या नीट पाहून घ्याव्यात, हव्या तर टिपून ठेवाव्यात. मग त्याच फाइलची दुसरी प्रत उघडून पहिल्या पद्धतीने हाइटमॅप संपादायला घ्यावा. तिथे ठरावीक उंचीच्या पट्ट्यातल्या सगळ्या कप्प्यांवर एकदम गणिती क्रिया करण्याची सोय आहे. १९ ते ४० या पट्ट्यातून ४ वजा केले, की २० ते २३ उंचीचे सर्व कप्पे पाण्याखाली जातात (पट्टा नेमका २० पासून सुरू केला, तर साधन त्याला जमीन मानते आणि कप्पे २० च्या खाली जाऊ देत नाही). संयोगभूमी नाहीशी होते, तिच्या जागी सामुद्रधुनी येते, तिच्यातले दोन-तीन उंचवटे बेटे म्हणून उरतात आणि जी नदी संथपणे समुद्राला मिळत होती तिचे खालचे सगळे पात्र समुद्र होऊन बसते. काम पूर्ण केल्यावर साधन या नव्या भूमीवर नवी माणसे वसवते. त्या माणसांना आधीच्या शहरांची काहीच माहिती नसते. त्यांची बंदरे नव्या किनाऱ्यावर असतात, त्यांच्या सीमा नव्या सामुद्रधुनीवर येऊन थांबतात, आणि एके काळी पायी ओलांडता येणाऱ्या जमिनीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संस्कृती उभ्या राहतात.

आता लेखकाच्या हाती दोन नकाशे आहेत. पहिला नकाशा म्हणजे जे खरोखर घडून गेले ते, आणि दुसरा म्हणजे त्याविषयी कथा सांगणाऱ्यांचे जग. या दोहोंमधल्या फरकात पुराणकथेचे सगळे साहित्य दडलेले असते. पहिल्या नकाशातली राजधानी दुसऱ्या नकाशात कुठे येते ते शोधून तिथे हाताने मार्कर, म्हणजे टिपण जोडता येणारी खूण, लावावा, आणि त्याच्या टिपणात त्या बुडालेल्या शहराविषयी आजचे कोळी काय सांगतात, पलीकडच्या किनाऱ्यावरचे पुजारी काय सांगतात ते लिहावे. दोघांचे सांगणे जुळण्याची गरज नाही. जुळले नाही तर अधिक चांगले. तिसऱ्या पद्धतीने जुनी राज्ये टिकवून धरली, तर हे अंतर निर्माणच होत नाही. मग प्रलय होऊन गेला तरी जग तेच राहते, फक्त किनारा थोडा आत सरकलेला असतो.

या उदाहरणातली एक बारीक बाब नव्या वापरकर्त्याच्या लवकर लक्षात येत नाही, म्हणून ती नोंदवतो. उंचीच्या या आकड्यांचे मीटरमध्ये रूपांतर करताना साधन घातांकाचा वापर करते. त्यामुळे किनाऱ्याजवळ एका एककाचा अर्थ थोडे मीटर असतो, तर शिखरांजवळ त्याच एककाचा अर्थ त्याच्या कितीतरी पट अधिक मीटर होतो. पूर्ण नकाशातून सरसकट ४ वजा केले, तर किनारा थोडा बुडतो, पण पर्वत मात्र फार मोठ्या प्रमाणात खचतात, आणि त्यांच्याबरोबर पाऊस, बर्फ व नद्यांचे उगमही बदलतात. समुद्र चढला तर पर्वत बुटका होत नाही, म्हणून बदल खालच्या पट्ट्यापुरता ठेवणेच बरे. उलट केवळ २० ते २३ एवढाच पट्टा खाली नेला, तर नवा किनारा एकदम २४ वर सुरू होतो आणि सगळीकडे उभे कडे तयार होतात. पट्टा थोडा रुंद घेतला की उतार नैसर्गिक राहतो. अशा ठिकाणी घालवलेला वेळ पुढे कथेत उपयोगी पडतो, कारण चढणे सोपे असलेला किनारा आणि उभा कडा यांवरून कोण वाचले आणि कोण नाही हे ठरते.

साधनाची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. विषुववृत्तावरचे आणि ध्रुवांवरचे तापमान स्वतंत्रपणे बदलता येते, आणि ते वाढवले की बर्फाचा थर आक्रसतो व जैवप्रदेश सरकतात. पण वितळलेल्या बर्फाचे पाणी समुद्रात जमा होत नाही. तापमान आणि समुद्राची पातळी हे दोन वेगळे आकडे आहेत आणि त्यांची सांगड लेखकालाच घालावी लागते. पृथ्वीवर गेल्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि नंतर हजारो वर्षांत तो चढत गेला. त्या चढत्या पाण्याने ब्रिटन आणि युरोपच्या मुख्य भूमीला जोडणारा, आज डॉगरलँड म्हणून ओळखला जाणारा सखल प्रदेश हळूहळू गिळला. त्यातच सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी नॉर्वेजवळच्या समुद्रतळावर स्टोरेगा येथे प्रचंड भूस्खलन झाले आणि त्याच्या त्सुनामीने उत्तर समुद्राचे किनारे झोडपले. पिढ्यान्‌पिढ्या चढणारे पाणी आणि एका दिवसात आलेली लाट, असे दोन्ही एकाच प्रदेशाने सोसले. कल्पित जगात ही जोडी फार प्रभावी ठरते: संथ चढीची लोकांना सवय होते, कुणी घर मागे नेते, कुणी बांध घालते, मग एका दिवसाची लाट येते आणि पुढच्या सगळ्या कथा त्या एका दिवसाच्याच होतात. या साधनात अशी घटना मांडायची तर किनारा टप्प्याटप्प्याने खाली नेऊन प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळी ठेवावी लागते आणि त्सुनामीचा झोन शेवटच्या टप्प्यावर काढावा लागतो. काम कष्टाचे आहे, पण ते या साधनात होऊ शकते.

बर्फाचा बांध फुटून येणारा लोंढा मात्र इथे पूर्णपणे हातानेच काढावा लागतो. अमेरिकेच्या वायव्य भागात हिमयुगाच्या अखेरीस मिसूला नावाचे विशाल सरोवर बर्फाच्या भिंतीमागे साठत होते आणि ती भिंत पुन्हा पुन्हा फुटून आलेल्या लोंढ्यांनी आजच्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातली माती खरवडून काढली. जे. हार्लन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ मध्ये तिथल्या खडकाळ वाहिन्यांवरून असा महापूर येऊन गेल्याचे मांडले, तेव्हा त्याच्या व्यवसायबंधूंनी ते अनेक दशके मानले नाही. १९७९ मध्ये त्याला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोज पदक मिळाले. हाइटमॅपच्या ब्रशने अशा वाहिन्या कोरता येतात, कोरड्या सोडता येतात आणि त्यांच्या भोवतीचा प्रदेश उघडा ठेवता येतो. नदी नसताना नदीसारखी दिसणारी दरी नकाशावर ठेवली, की त्या प्रदेशातल्या लोकांना तिचे काही तरी स्पष्टीकरण लागणारच, आणि ते स्पष्टीकरण म्हणजेच त्यांची प्रलयकथा. तिच्यावर विश्वास न ठेवणारा एखादा विद्वानही त्याच जगात जन्माला घालता येतो.

संस्कृती आणि धर्म यांच्या थरांकडे वळल्यावर साधनाची बलस्थाने आणि उणिवा एकत्रच दिसू लागतात. संस्कृतींचे प्रकार भूगोलावरून ठरतात: नदीकाठच्या, सरोवराकाठच्या, सागरी, डोंगराळ, भटक्या, शिकारी आणि सर्वसाधारण. डोंगराळ संस्कृती उंच प्रदेशात सहज पसरते, नदीकाठची संस्कृती नदीला धरून राहते. प्रलयानंतरच्या नकाशात हा फरक आपोआप अर्थपूर्ण होतो, कारण ज्यांची भूमी वर होती त्यांच्यासाठी प्रलय ही ऐकीव गोष्ट असते आणि ज्यांची खाली होती त्यांच्यासाठी ती वंशावळीची सुरुवात असते. धर्मांचे प्रकारही चार आहेत: लोकधर्म, संघटित धर्म, पंथ आणि पाखंड. प्रत्येकाला नाव आणि बहुतेकांना एक सर्वोच्च देवता मिळते. यात पाखंड हा प्रकार प्रलयकथेसाठी विशेष उपयोगी आहे, कारण प्रलय का झाला यावरचा मतभेद हे धर्म फुटण्याचे उत्तम कारण असते. पण ते ‘का’ हे साधन विचारत नाही. देवतेचे नाव मिळते, तिचा राग कशावर होता हे मिळत नाही.

आणि प्रलयकथांचा खरा आशय त्या ‘का’मध्ये आणि ‘पुढे काय’मध्येच असतो. जगातल्या जुन्या कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांतली विविधता थक्क करणारी आहे, आणि आजच्या कल्पित विश्वांत ती फारच क्वचित उतरते. तिथे बहुतेक प्रलय पापाची शिक्षा म्हणूनच येतात. मेसोपोटेमियातल्या अत्रहसिसच्या अक्कडी आख्यानात माणसांची संख्या वाढून त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते, म्हणून तो आधी रोग, मग अवर्षण आणि दुष्काळ पाठवतो, आणि सगळ्यात शेवटी महापूर. पुरानंतर नैवेद्य देणारे कुणी उरत नाही, तेव्हा उपाशी देव पहिल्या यज्ञाच्या वासावर माश्यांसारखे गोळा होतात. पुढे माणसांची संख्या पुन्हा अनावर होऊ नये म्हणून वंध्यत्व, अर्भकांचा मृत्यू आणि काही पुजारिणींचे अपत्यहीन राहणे या गोष्टी जगात आणल्या जातात. म्हणजे त्या समाजातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टींचे मूळ पुरानंतरच्या तहात शोधलेले आहे. याउलट शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत पूर का आला याचे कारणच दिलेले नाही. एका लहान माशाला वाचवल्याबद्दल तो मासा मनूला सावध करतो, त्याची नाव आपल्या शिंगाला बांधून उत्तरेकडच्या पर्वतावर नेतो, आणि पाणी जसजसे ओसरेल तसतसे खाली उतर, असे सांगतो. चीनमधल्या गुन आणि यू यांच्या कथेत तर नौका नाही आणि वाचलेला एकटा माणूसही नाही. गुन पाणी अडवायला बांध घालतो आणि अपयशी ठरतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाट काढून देतो, आपल्या घराच्या दारावरून तीनदा जाऊनही आत पाऊल टाकत नाही, आणि त्याच्या श्रमांतून शिया राजवंशाचा अधिकार उभा राहतो.

या तीन कथांमधून तीन वेगळ्या प्रकारची जगे निघतात आणि तिन्ही या नकाशावर मांडता येतात. मनूच्या कथेतला ‘हळूहळू खाली उतर’ हा आदेश घ्यावा: प्रलयानंतरच्या नकाशात सगळ्यात जुनी गावे उंचावर, त्यानंतरची उतारावर आणि अगदी नवी सपाटीवर अशी रचना केली, तर त्या प्रदेशाचा सारा इतिहास उतारावरून वाचता येतो, आणि वरच्या गावांचा मान, खालच्या गावांची संपत्ती व दोघांमधला तंटा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यूच्या कथेतून निघणारे राज्य कालव्यांवर उभे असते. तिथे सीमा नदीच्या शाखांवरून ठरतात, पाटबंधाऱ्यांचा अधिकारी सेनापतीपेक्षा मोठा असतो आणि बांध फुटणे हा राजद्रोहाचा पुरावा मानला जाऊ शकतो. अत्रहसिसच्या धर्तीवरच्या जगात नकाशावर फारसे काही दिसणार नाही, पण जन्म, विवाह आणि देवळे यांचे नियम बदललेले असतील. या साधनात शहरे हलवता येतात, नव्याने ठेवता येतात, राज्यांची आणि प्रांतांची नावे व सीमा हाताने बदलता येतात, त्यामुळे पहिली दोन जगे त्याच्या आवाक्यात पूर्णपणे येतात. तिसऱ्यासाठी टिपणांची चौकट तेवढी उरते.

पवित्र पर्वतांचे मार्कर साधन आपणहून नकाशावर टाकते, आणि त्यांचा उपयोग प्रलयातली नौका जिथे टेकली त्या जागेसाठी सहज होतो. इथे माझी एक सूचना आहे. तो पर्वत एकच ठेवू नये. प्रत्येक डोंगराळ संस्कृतीने आपल्याच शिखराला तो मान द्यावा, कारण खऱ्या जगातही नौका टेकलेली जागा म्हणून वेगवेगळे डोंगर दाखवले जातात, आणि त्या दाव्यांमागे तीर्थयात्रा, कर आणि सत्ता हे सारे गुंतलेले असते.

स्मृती किती काळ टिकते हा प्रश्न कल्पित जगाची आखणी करणाऱ्याला पडतोच. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरच्या आदिवासी समूहांच्या कथांमध्ये आज पाण्याखाली असलेल्या जमिनीवर पूर्वज शिकार करत होते, असे अमुक उपसागर, तमुक बेट अशी जागा दाखवून सांगितले जाते. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या अभ्यासकांनी अशा कथा एकत्र करून त्या ७,००० वर्षांहून जुन्या सागरचढीच्या स्मृती असू शकतात असे मांडले आहे. मला यातले जागेशी असलेले घट्ट नाते महत्त्वाचे वाटते. स्मृती टिकते ती विशिष्ट खडकाला, विशिष्ट खाडीला चिकटून. म्हणून दोन फाइलींची पद्धत वापरताना पहिल्या नकाशातल्या निदान काही जागांची नावे दुसऱ्यातही, झिजलेल्या रूपात का होईना, ठेवावीत. साधन नावे आपोआप तयार करते आणि त्यासाठी आपला स्वतःचा नावांचा संग्रहही देता येतो. तरी ही झीज मात्र हातानेच घडवावी लागते.

पूर सोडून इतर आपत्तींसाठीही ही रीत चालते, आणि एका बाबतीत तर ती अधिक चांगली चालते. संथ ऱ्हासावर कल्पित साहित्यात फार कमी लिहिले जाते. अत्रहसिसच्याच आख्यानात पुराच्या आधी काळी शेते पांढरी पडतात आणि मैदान मीठ पिकवू लागते असे वर्णन आहे. सिंचनावर जगणाऱ्या त्या प्रदेशाला खारावणाऱ्या जमिनीची ओळख होती. मध्य आशियातला अरल समुद्र हे त्याचेच आपल्या काळातले रूप. एके काळी क्षेत्रफळाने जगात चौथ्या क्रमांकावर असलेले ते सरोवर, अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे १९६० च्या दशकापासून आटत गेले, आणि मोयनाक हे बंदर कोरड्या पात्रावर अडकलेल्या बोटींसह उभे राहिले. नकाशावर हे दाखवायचे तर पाऊस कमी करावा, वाऱ्याची दिशा बदलावी, सरोवराचा तळ उंचावावा आणि पुन्हा दोन फाइली शेजारी ठेवून पाहाव्यात. पावसाचा आकडा खाली नेल्यावर नद्या एकामागून एक आखडत जाताना आणि हिरवा पट्टा पिवळा होताना दिसतो, तो भाग या साधनात मला सर्वाधिक आवडतो. तिथे आपत्तीला खलनायक लागत नाही, आणि तरी तिचे कारण कोणाच्या तरी शेतात असते.

या साधनात सगळ्यात मोठी उणीव काळाची आहे. जगाला वर्ष आणि युगाचे नाव देता येते, राज्यांमधल्या युद्धांची आणि तहांची नोंद होते, पण भूमीचा इतिहास असा कुठेच साठत नाही. एका फाइलीत एकच क्षण असतो. सरकपट्टी ओढून शतकामागून शतक समुद्र चढताना पाहता येईल अशी सोय असती, तर वर सांगितलेला फाइलींचा खटाटोप करावा लागला नसता. मेनू आणि सूचना इंग्रजीत आहेत, आणि पर्यायांची संख्या इतकी आहे की पहिल्या ओळखीत माणूस गोंधळतो. ज्यांना केवळ सुरेख दिसणारा एक नकाशा हवा आहे, त्यांना याहून सोपी साधने मिळतील. कप्प्यांची संख्या खूप वाढवली तर साध्या संगणकावर काम जड होते. प्रलयाची आखणी करताना मूळची १०,००० ची संख्या पुरते, आणि जिथे एखादा प्रांत बारकाईने हवा असेल तिथे त्या भागाचा स्वतंत्र उपनकाशा काढता येतो. त्रिमितीय दृश्याचीही सोय आहे. बुडालेल्या दरीच्या काठावर उभे राहून काय दिसेल याची कल्पना येण्यासाठी ते एकदा जरूर उघडावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपोआप मिळालेल्या पहिल्या जगावर लगेच काम सुरू करू नये. भूरूपांचे तयार साचे दिलेले आहेत. त्यांतला भूमध्य समुद्रासारखा, संयोगभूमीचा किंवा विखुरलेल्या बेटांचा साचा घेतला, तर पाणी चढल्यावर होणारे बदल ठळक दिसतात. एकसंध महाखंडाच्या साच्यात ते फक्त कडेकडेने दिसतात. काम चालू असताना प्रत्येक टप्प्याची फाइल आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिच्या नावात त्या जगातले वर्ष लिहावे. दहा-बारा फाइली झाल्या की कुठली प्रलयापूर्वीची आणि कुठली नंतरची हे केवळ पाहून ओळखणे अवघड जाते.